ग्रीकांचे देव आणि गोदाकाठची नाणी

नाणे ही वस्तू आपण रोज हाताळतो, पण तिच्याकडे पाहतो क्वचितच. भाजीवाल्याला सुटे पैसे देताना आकडा दिसला की काम भागते. त्या आकड्याच्या पाठीला सिंहमुद्रा असते. ती तेथे का असते आणि ती नसती तर तो धातूचा तुकडा भाजीवाल्याने घेतला असता काय, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो विचारावा म्हणून आज आम्ही आपणास अडीच हजार वर्षे मागे नेणार आहोत. प्रवास ग्रीसमधील अथेन्स नगरापासून सुरू होईल आणि भडोच, नाशिक, सोपारा अशी ठाणी घेत आपल्या मुंबई बेटावर येऊन थांबेल.

कामगार संघटनेचे काम करणाऱ्यांना असल्या विषयाशी काय कर्तव्य, असे कोणाच्या मनात येईल. त्याला आमचे उत्तर एवढेच की, नाण्याचा इतिहास हा मजुरीचाही इतिहास आहे. राजा नाणे पाडतो, व्यापारी ते मोजतो. पण दिवसभर राबून संध्याकाळी ज्याच्या तळहातावर ते पडते, त्याला ते खरे की खोटे हा प्रश्न सर्वांहून अधिक जिव्हाळ्याचा असतो. म्हणून नाण्यावरच्या देवांची ओळख करून घेताना आम्ही ती घेणाऱ्या हाताच्या बाजूने करून घेणार आहोत.

प्रथम अथेन्स. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात या नगराचे चांदीचे नाणे भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने सर्वत्र चाले. चार द्राख्म किमतीचे हे नाणे वजनाने सुमारे १७ ग्रॅम भरे. त्याच्या एका अंगाला अथीना देवीचे शिरस्त्राण घातलेले मस्तक आणि दुसऱ्या अंगाला तिचे घुबड, बाजूला ऑलिव्हची डहाळी व ‘अथे’ ही अक्षरे असत. आपल्याकडे घुबड दिसले की लोक अपशकुन मानून तोंड फिरवतात, जरी शास्त्राने त्याला लक्ष्मीचे वाहन ठरविले असले तरी. ग्रीकांना मात्र तो बुद्धीच्या देवतेचा पक्षी वाटे. बाजारात तर लोक नाण्यालाच ‘घुबड’ म्हणत.

देवी नाण्यावर येण्याचे कारण केवळ भक्ती नव्हे. ग्रीकांची नगरे अनेक आणि प्रत्येकाचे राज्य वेगळे. परक्या बंदरात तुमच्या नगराच्या पुढाऱ्याला कोण ओळखणार? पण अथीनेला सारे ओळखत. नाण्यावर तिचे मस्तक उमटवणे म्हणजे ‘या वजनात आणि या कसात लबाडी नाही, आमची देवी साक्षीला आहे’ असे सांगणे होय. आपल्याकडे व्यापारी वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ काढतो, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की व्यापाऱ्याची वही पेढीवर राहते आणि हे नाणे सातासमुद्रापार जाते.

पण ‘श्री’ काढल्याने हिशेब खरा होत नाही, आणि देवीच्या मस्तकाने नाणे चांदीचे होत नाही. चांदी कोठून येत होती? अथेन्सच्या दक्षिणेस लॉरिऑन नावाच्या खाणी होत्या. अरुंद भुयारांतून, तेलाच्या दिव्याच्या उजेडात, खनिज खणून काढणारे बहुतेक सारे गुलाम होते. इ. स. पू. ४८३ च्या सुमारास तेथे मोठा साठा लागला, तेव्हा नागरिकांत माणशी दहा द्राख्म वाटून टाकावेत असे घाटत होते. थेमिस्तोक्लीझ या पुढाऱ्याने ती वाटणी थांबवून त्या पैशातून युद्धनौका बांधविल्या, आणि त्याच नौकांच्या बळावर इ. स. पू. ४८० मध्ये सालामिसच्या सामुद्रधुनीत इराणी आरमाराचा पराभव झाला. हा प्रसंग इतिहासाची पुस्तके आवर्जून सांगतात. त्यानंतरचा दुसरा प्रसंग तितक्या आवर्जून सांगितला जात नाही. इ. स. पू. ४१३ मध्ये स्पार्टाच्या सैन्याने अथेन्सच्या मुलुखात डेकेलिया येथे ठाणे दिले, तेव्हा वीस हजारांहून अधिक गुलाम अथेनियनांना सोडून पळाले आणि त्यांत बहुसंख्य कारागीर होते, असे थुसिडिडीझ हा इतिहासकार नोंदवतो. पुढे काही वर्षांत तंगी इतकी वाढली की, अथेन्सला आतून तांब्याची आणि वरून चांदीचा मुलामा दिलेली नाणी काढावी लागली. अथीना तीच होती, घुबडही तेच होते. पण आतली चांदी गेली होती.

त्याच अथेन्सची आणखी एक नोंद आमच्यासारख्यास विशेष वाटते. एरेख्थिऑन या मंदिराच्या बांधकामाचे हिशेब दगडावर कोरलेले सापडले आहेत. इ. स. पू. पाचव्या शतकाच्या अखेरच्या दशकातले हे हिशेब. त्यांत नागरिक, परदेशी रहिवासी आणि गुलाम खांद्याला खांदा लावून काम करताना दिसतात, आणि तिघांनाही दिवसाला सारखाच एक द्राख्म लावलेला आहे. गुलामाच्या नावचा द्राख्म बहुधा मालकाच्या थैलीत जाई, हे खरे. तरीही एका कामाला एक दर, हे तत्त्व त्या दगडावर कोरलेले आहे.

आता नाणे पाडीत कसे, हे थोडक्यात पाहू. चांदीची ठराविक वजनाची चकती तापवून घेत. ऐरणीत एक ठसा बसवलेला असे; त्यावर चकती ठेवून वरून दुसरा ठसा धरीत आणि घणाचा घाव घालीत. एका घावात दोन्ही बाजू उमटत. ठशावरचे चित्र उलटे व खोलगट कोरावे लागे. नखाएवढ्या जागेत देवीच्या केसाची बट कोरणारा हा कारागीर सामान्य नव्हे. सिसिली बेटावरील सिराक्यूझ नगरात पाचव्या शतकाच्या शेवटी किमोन, युएनेटोस अशा ठसे कोरणाऱ्यांनी नाण्यावर आपली नावेही घातली. पण हे अपवादच. बाकी नाण्यांवर देवाचे किंवा राजाचे नाव असते. ठसा कोरणाऱ्याचे आणि घण मारणाऱ्याचे नसते.

अथेन्सनंतर अलेक्झांडर. त्याच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूस सिंहाचे कातडे डोक्यावर ओढलेला हेराक्लीझ आहे. हा ग्रीकांचा महाबली वीर. नेमिया येथील सिंह त्याने हातांनी गळा दाबून मारला, अशी कथा आहे. दुसऱ्या बाजूस सिंहासनावर बसलेला, हातावर गरुड घेतलेला देवराज झ्यूस. इराणी सम्राटांच्या खजिन्यातील चांदीचा मोठा भाग या नाण्यांच्या रूपाने बाहेर पडला. इ. स. पू. ३२३ मध्ये अलेक्झांडर वारला, पण त्याच्या छापाची नाणी पुढेही दीर्घकाळ निघत राहिली. लोकांचा विश्वास त्या छापावर बसला होता.

अलेक्झांडरच्या मागे बल्ख प्रदेशात, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानच्या उत्तर भागात, ग्रीक राजे स्वतंत्र झाले आणि पुढे हिंदुकुश ओलांडून पंजाबात उतरले. येथे नाण्यांत मोठा बदल झाला. नव्या प्रजेला ग्रीक वाचता येत नव्हते. तेव्हा एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला प्राकृत, अशी दुभाषी नाणी निघू लागली. ‘बासिलेओस सोतेरोस’ यास ‘महाराजस त्रातारस’ असा जोडशब्द दिसू लागला. अगाथोक्लीझ राजाने तर आपल्याच देवांना नाण्यावर घेतले. अफगाणिस्तानातील आय-खानूम येथील उत्खननात १९७० साली त्याची सहा चांदीची नाणी मिळाली. त्यांच्या एका बाजूस नांगर घेतलेला बलराम आणि दुसऱ्या बाजूस चक्र धारण केलेला वासुदेव कृष्ण आहे. ही इ. स. पू. दुसऱ्या शतकातील नाणी असून या देवांच्या अगदी जुन्या निश्चित मूर्तिचित्रांत त्यांची गणना होते.

याच राजांपैकी मिनॅन्डर हा आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे, जरी त्या नावाने नसला तरी. नागसेन भिक्षूला प्रश्न विचारणारा ‘मिलिंदपञ्ह’ ग्रंथातला मिलिंद तो हाच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेस काढलेल्या महाविद्यालयाला त्याचे नाव आहे, आणि परळ-लालबागच्या चाळींतून मिलिंद नावाची मुले आपण पाहिलेली आहेत. या मिनॅन्डरच्या चांदीच्या नाण्यावर एका अंगाला त्याचे मस्तक आणि दुसऱ्या अंगाला अथीना आहे. पण ही अथीना घुबडवाली शांत देवी नव्हे. तिने बापाचे, म्हणजे झ्यूसचे, वज्र उगारलेले आहे.

हे वज्र आता आपल्या किनाऱ्याला लागते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधील कोणा ग्रीकभाषी व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची एक माहितीवही लिहिली. तिला ‘पेरिप्लस’ म्हणतात. अपोलोडोटस आणि मिनॅन्डर यांचे ग्रीक अक्षरांचे जुने द्राख्म अजून भडोचच्या बाजारात चालतात, असे ती सांगते. म्हणजे मिनॅन्डरला मरून सुमारे दोनशे वर्षे झाली, राज्य गेले, वंश गेला. पण नाणे फिरतच होते. रोमचे सोन्याचांदीचे नाणे येथे आणून बदलल्यास नफा होतो, असेही तो व्यापारी लिहितो. आपल्या कल्याण बंदराचाही त्यात उल्लेख आहे: तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असे तो म्हणतो. कोकणच्या बंदरांवरून सातवाहन आणि शक क्षत्रप यांच्यात जी ओढाताण चालली होती, तिचीच ही खूण.

त्या वेळी नाशिक, जुन्नर, कार्ले या पट्ट्यावर नहपान या क्षहरात कुळातील शक क्षत्रपाची सत्ता होती. त्याने चांदीची नाणी काढली. एका बाजूस राजाचे मस्तक व भोवती ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूस बाण आणि वज्र, आणि भोवती ब्राह्मी व खरोष्ठी लेख. गंमत अशी की, अक्षरे ग्रीक असली तरी भाषा ग्रीक नाही. ‘राञो क्षहरातस नहपानस’ हेच प्राकृत शब्द ग्रीक अक्षरांत लिहिलेले आहेत. आज मोबाइलवर मुले मराठी निरोप रोमन लिपीत लिहितात, तसाच हा प्रकार. ग्रीक अक्षरांची सवय बाजाराला झाली होती. ती दिसली नाहीत तर नाणे परके वाटले असते.

वज्राची मौज याहून अधिक आहे. ग्रीकाने ते पाहिले असेल तर झ्यूसचे म्हणून, आणि नाशिकच्या माणसाने पाहिले असेल तर इंद्राचे म्हणून. दोघांचीही चूक नव्हे. ‘झ्यूस’ आणि वेदांतील ‘द्यौस्’ हे शब्द मुळात एकच आहेत, आणि आकाशातून वीज फेकणारा देव दोन्हीकडे आहे. नाशिकच्याच पांडवलेण्यांत उत्तरेकडून आलेल्या एका ‘योनका’ने, म्हणजे ग्रीकाने, कोरवलेले लेणे आहे. त्याचे नाव काय, तर इंद्राग्निदत्त. बापाचे नाव धर्मदेव. अशा माणसाला वज्र कोणाचे हा प्रश्न पडलाच नसेल.

आता १९०६ सालाकडे येऊ. त्या वर्षी नाशिकजवळ जोगलटेंभी येथे नाण्यांचा मोठा साठा सापडला. सुमारे १३,२५० चांदीची नाणी, आणि सारी नहपानाची. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्यांचा अभ्यास करून लिहिलेला निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात १९०८ साली आला. तीच आपल्या टाऊन हॉलमधील आजची एशियाटिक सोसायटी. या नाण्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसऱ्या राजाने आपला छाप पुन्हा मारलेला होता. तो राजा म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी. त्याने नहपानाचा पराभव केला आणि त्याच्या नाण्यांवर एका बाजूस कमानींचा डोंगर व आपले नाव, दुसऱ्या बाजूस टोकांना गोल असलेली फुली उमटवली. या फुलीला अभ्यासक उज्जयिनी चिन्ह म्हणतात. कित्येक नाण्यांवर नव्या छापाखालून नहपानाचे नाक, कान, ग्रीक अक्षरांचे तुकडे अजून डोकावतात.

गौतमीपुत्राची आई बलश्री हिने कोरवलेल्या नाशिकच्या लेखात, आपल्या पुत्राने क्षहरात वंश समूळ उखडला, असा अभिमानाने उल्लेख आहे. वंश उखडणाऱ्या राजाने त्या वंशाचे नाणे मात्र वितळवले नाही. का? आमच्या मते उत्तर व्यवहारात आहे. वितळवण्यात कोळसा, वेळ आणि थोडी चांदी खर्च होते. घणाचा एक घाव स्वस्त पडतो. दुसरे, नहपानाच्या चांदीवर लोकांचा भरवसा बसलेला होता. तो मोडण्यात नव्या राजाचा काहीच लाभ नव्हता. आणि ध्यानात घ्या, त्याच साठ्यात सुमारे चार हजार नाणी पुन्हा छाप न मारलेली होती. ज्याने कोणी ती पुरली, त्याने दोन्ही प्रकारची नाणी एकत्रच ठेवली. त्याच्या लेखी चांदी ती चांदी.

आपल्या पिढीने याच्या उलट प्रसंग पाहिला आहे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे व हजाराच्या नोटा बाद झाल्या. दुसऱ्या दिवशी नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराच्या खिशातली आठवड्याची कमाई चालेनाशी झाली आणि ती बदलून घेण्यासाठी रोज बुडवून रांगेत उभे राहावे लागले. धोरणाच्या बऱ्यावाईटाची चर्चा येथे करण्याचे कारण नाही. मुद्दा इतकाच की, कागदाच्या नोटेत छाप हेच सर्वस्व असते. छाप काढून घेतला की हातात काही उरत नाही. चांदीच्या नाण्यात छाप गेला तरी घेणाऱ्याच्या हाती चांदी राहत असे. म्हणून आजच्या मजुराला छाप मारणाऱ्याच्या शब्दावर पूर्वीच्या मजुरापेक्षा कितीतरी अधिक अवलंबून राहावे लागते.

नहपानाच्या नाण्यांचे पुढे काय होई, हेही आपल्याला ठाऊक आहे. त्याचा जावई उषवदात याने पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात एक हिशेबच कोरून ठेवला आहे. वर्ष ४२, महिना वैशाख. त्याने संघाला ३,००० कार्षापणांची कायमची ठेव दिली. तिला ‘अक्षयनीवी’ म्हणत. मुद्दल कधी परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. ही रक्कम त्याने राजाच्या खजिन्यात ठेवली नाही, कोणा सावकाराकडेही नाही. नाशिकजवळच्या गोवर्धन नगरातील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. एका श्रेणीकडे २,००० कार्षापण, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १,००० कार्षापण, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. हिशेब करून पाहा. दोन हजारांवर वर्षाचे व्याज २४०, आणि वीस गुणिले बारा बरोबर २४०. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा जमाखर्च पैपर्यंत जुळतो. त्याच लेखात ३५ कार्षापणांचे एक सुवर्ण, हा सोन्याचांदीचा दरही दिलेला आहे.

श्रेणी म्हणजे एका धंद्यातील कारागिरांची संघटना. तिला आजच्या अर्थाने कामगार संघटना म्हणता येणार नाही. तिच्यात मालक-कारागीर होते, आणि त्यांच्या हाताखाली राबणाऱ्यांबद्दल हा लेख काही सांगत नाही. तथापि एक गोष्ट निर्विवाद आहे. राजाच्या जावयाला आपला पैसा पिढ्यान्‌पिढ्या सुरक्षित राहावा असे वाटले, तेव्हा त्याने विणकरांचा शब्द पत्करला. पुढे सासऱ्याचे राज्य गेले. गौतमीपुत्राने आपल्या अठराव्या वर्षी, तोवर उषवदाताच्या भोगात असलेले २०० निवर्तने शेत आपल्या नावाने भिक्षूंना दिले; नाण्यावर केले तेच त्याने जमिनीवर केले. राजे असे एकमेकांवर छाप मारीत असताना माग चालू होते आणि धंद्यांच्या श्रेणीही नाहीशा झाल्या नाहीत. पुढच्या काळात नाशिकच्याच लेण्यांत आभीर राजा ईश्वरसेन याच्या वेळचा लेख आहे. त्यात कुंभार, तेली आणि पाण्याची यंत्रे करणारे यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याचे सांगितले आहे.

गिरणगावच्या माणसाने हा लेख वाचला म्हणजे त्याच्या मनात काही विचार आल्यावाचून राहत नाहीत. कापड विणणाऱ्यांवर एके काळी इतरांनी ठेव सोपवली होती. आपल्या काळात, १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद होत गेली, तेव्हा कापड विणणाऱ्यांनाच आपली साठवलेली देणी मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले. नहपानाच्या काळी विणकर सुखात होते, असे आम्ही म्हणत नाही. पण ठेव म्हणजे विश्वास, आणि तो पाळण्याची रीत दगडावर कोरून जाहीर करण्याइतकी पवित्र मानली जात होती, एवढे त्यावरून दिसते.

आता शेवटचे दोन टप्पे. सातवाहनांनी पुढे स्वतःच राजाच्या मस्तकाची चांदीची नाणी काढली. एका बाजूस प्राकृत आणि दुसऱ्या बाजूस द्राविड वळणाची भाषा, अशी ही नाणी आहेत. आता ग्रीकांचा देव राहिला नाही, ग्रीक अक्षरही राहिले नाही; पण एका अंगाला मस्तक आणि दोन भाषा ही रीत राहिली. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकलला, तेव्हा आतल्या अवशेषांत यज्ञश्री सातकर्णीचे असे एक चांदीचे नाणे निघाले. नालासोपाऱ्याहून रोज लोकलने येणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांच्या घराशेजारची ही गोष्ट आहे.

पश्चिम क्षत्रपांनी नहपानाचीच धाटणी पुढे शतकानुशतके चालवली. ग्रीक अक्षरे हळूहळू निरर्थक रेघा झाली. इ. स. ४०० च्या सुमारास दुसऱ्या चंद्रगुप्ताने क्षत्रपांचे राज्य घेतले, तेव्हा त्याने मागे गरुड घातला, पण त्या रेघा तशाच ठेवल्या. सहाव्या शतकात कलचुरी राजा कृष्णराज याने तीच धाटणी उचलली: एका बाजूस मस्तक, दुसऱ्या बाजूस शंकराचा नंदी. ही लहानशी चांदीची नाणी नाशिककडे सापडली, तशीच आपल्या मुंबई आणि साष्टी बेटांवरही सापडली. नाशिकजवळच्या अंजनेरी येथील इ. स. ७१० च्या सुमाराच्या ताम्रपटात रक्कम ‘कृष्णराज रूपकां’त मोजलेली आहे. राजा जाऊन दीडशे वर्षे होत आली होती. रूपक चालू होता.

अथीनेचे घुबड, झ्यूसचे वज्र, गौतमीपुत्राचा डोंगर, चंद्रगुप्ताचा गरुड, कृष्णराजाचा नंदी अशी ही परंपरा आहे. प्रत्येकाने आपल्या देवाला साक्षीला बोलावले, आणि साक्ष जोवर खरी होती तोवर लोकांनी देव परका की आपला याची फारशी चौकशी केली नाही. अथेन्समध्ये चांदी गेली तेव्हा अथीनेलाही तो भरवसा राखता आला नाही. कोटातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात प्राचीन नाणी मांडलेली आहेत. श्रोत्यांपैकी ज्यांना सवड असेल त्यांनी एखाद्या रविवारी मुलाबाळांना घेऊन जावे. नाण्यावरचा राजा कोण, देव कोणता, हे पाटी वाचून कळेल. त्याबरोबर चांदी कोणी खणली असेल, ठसा कोणी कोरला असेल, आणि हे नाणे कोणाच्या कितव्या दिवसाची मजुरी म्हणून पदरात पडले असेल, हाही प्रश्न मुलांना जरूर विचारावा.